पडद्यावरचं वावर

२००५ साली गूगल अर्थ आलं तेव्हा विंडोजच्या संगणकावर त्याची एक गंमत होती. पडद्यावर पृथ्वीचा गोळा यायचा. डावी-उजवीकडे न सरकता नुसतं खाली उतरत राहिलं, की माणूस थेट अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स नावाच्या गावातल्या एका वसाहतीवर पोचायचा. हा प्रोग्रॅम घडवणाऱ्यांपैकी एक, ब्रायन मॅक्लेंडन, त्या वसाहतीत लहानाचे मोठे झाले होते. मॅकच्या संगणकासाठी तोच प्रोग्रॅम तयार करणाऱ्या डॅन वेब यांनी मध्यबिंदू उचलून आपल्या चानूट या गावी नेला. तेही कॅन्ससमध्येच. जगभरच्या लोकांनी आपापलं घर शोधायला निघताना नकळत या दोन गावांवरून प्रवास सुरू केला.

पुण्यात उपग्रहचित्रांवर काम करणाऱ्या, मूळच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या, दारव्हा तालुक्याच्या एका बाईंना हा किस्सा फार आवडतो. नव्याने कामाला लागलेल्या पोरांना त्या तो हमखास सांगतात. त्यांचं गाव जगाच्या मध्यभागी ठेवण्याचा अधिकार त्यांना कोणी दिलेला नाही. पण एकदा ते गाव आपल्या पायाने चालत त्यांच्या कंपनीच्या पडद्यावर आलं. त्यांना न विचारता आलं, आणि बरंच खोटं नटून आलं.

त्यांचं काम बाहेरच्याला सांगायला अवघड आणि करायला कंटाळवाणं. उपग्रहाने काढलेलं चित्र समोर घ्यायचं, शेताच्या धुऱ्यावरून माऊस फिरवून त्याची हद्द आखायची, आत कोणतं पीक आहे ते लिहायचं. अशी हजारो वावरं आखून झाली की ती यंत्राला दाखवायची, म्हणजे पुढची लाखभर वावरं ते आपलं आपण ओळखायला शिकतं. या क्षेत्रात बरंचसं काम युरोपच्या सेंटिनल-२ उपग्रहांच्या चित्रांवर चालतं, कारण ती फुकट मिळतात आणि साधारण पाच दिवसांनी त्याच जागेचं नवं चित्र येतं. त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा दहा मीटर बाय दहा मीटरचा तुकडा. एकराचे जेमतेम चाळीस ठिपके होतात. पऱ्हाटीची तासं तीन-चार फुटांवर असतात, म्हणजे एका ठिपक्यात आठ-दहा तासं मावली. यवतमाळात कपाशीच्या काही तासांनंतर तुरीची एक-दोन तासं टाकायची पद्धत आहे. ती तूर त्या ठिपक्यात कपाशीच्या रंगात मिसळून जाते. यंत्राच्या लेखी ती पेरलेलीच नसते.

शिवाय पावसाळा. कापूस आणि सोयाबीन ज्या महिन्यांत वाढतात, नेमक्या त्याच महिन्यांत वर ढग असतात. पाच दिवसांनी चित्र येतं खरं, पण जुलै-ऑगस्टमधली कितीतरी चित्रं म्हणजे नुसता पांढरा कापूस, तोही आकाशातला. ढगातून आरपार पाहणारे रडारचे उपग्रह आहेत, पण त्यांची चित्रं वाचायला वेगळीच नजर लागते. म्हणून होतं काय, की उघडीप मिळालेला एखादा सप्टेंबरचा दिवस सापडला की सगळे त्यावर तुटून पडतात. लख्ख चित्र, हिरवंगार शिवार. प्रात्यक्षिकासाठी याहून चांगलं काय हवं?

त्या दिवशीही असाच सप्टेंबर होता. बाहेरचे पाहुणे येणार म्हणून कंपनीच्या सभागृहात रंगीत तालीम चालली होती. विक्री विभागातला एक चुणचुणीत मुलगा पडद्यावर भारताचा नकाशा आणतो, मग महाराष्ट्र, मग विदर्भ, आणि बोटाच्या एका फटक्यात खाली शिवारात उतरतो. खाली लिहिलेलं असतं, मध्य भारतातला कापूस पट्टा. गावाचं नाव नाही, तालुक्याचं नाही. बाईंनी ओळखलं ते एका रेघेवरून. शेतांच्या चौकटींमधून कुणाचीच पर्वा न करता वळण घेत जाणारी एक बारीक रेघ. शकुंतलेचा भराव!

शकुंतला म्हणजे मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी अरुंद रुळांची गाडी. इंग्रजांच्या काळात एका खासगी कंपनीने कापूस वाहून न्यायला हा मार्ग टाकला. १९२१ साली मँचेस्टरला बनलेल्या वाफेच्या इंजिनाने ती १९९४ पर्यंत ओढली, मग डिझेल आलं, आणि आता तेही नाही. रूळ गवतात गेले, पण भराव आकाशातून स्पष्ट दिसतो. यंत्राने त्याला शेताची हद्द धरलं होतं. एकाच घरच्या वावराचे दोन तुकडे करून दोघांना वेगळे रंग दिले होते. दारव्ह्याकडच्या कुणाही शेंबड्या पोराला दाखवलं असतं तर त्याने सांगितलं असतं, की बाबा, हा धुरा नाही, हा रेल्वेचा भराव आहे.

शेजारच्याला कोपराने ढोसून त्या म्हणाल्या, "अरे, हे आमच्याकडचं." त्यानेही माफक कौतुक केलं. असा आनंद खोटा नसतो. ज्या जिल्ह्याचं नाव पेपरात कशासाठी येतं हे पुण्या-मुंबईच्या सहकाऱ्यांना पाठ आहे, तिथलं काहीतरी नव्या, झगमगीत गोष्टीत दिसलं की ऊर भरून येतोच. तो मुलगा मात्र पुढे निघून गेला होता. त्याने शिवारावर पिकाच्या आरोग्याचा थर चढवला, आणि सगळं गाव गडद हिरवं झालं. "पाहा, पीक उत्तम आहे," तो म्हणाला.

संध्याकाळी त्यांनी आईला फोन करून हे सगळं रंगवून सांगितलं. आईने गाव दिसलं याबद्दल समाधान व्यक्त केलं आणि एकच प्रश्न विचारला, "फोटो कोन्या महिन्यातला हाय?"

सप्टेंबरचा, असं कळल्यावर ती हसली. "पानं पाहून काय व्हते? बोंडं फोडून पाहा म्हना त्याइले."

आकाशातून पिकाचं आरोग्य मोजण्याची जी रूढ पद्धत आहे, तिची खरी मर्यादा त्या एका वाक्यात आली. हिरवं पान लाल प्रकाश खाऊन टाकतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवून लावतं. या दोन्हींच्या फरकावरून एक आकडा निघतो. आकडा मोठा असेल तर पालवी दाट. पालवी किती, एवढंच तो सांगतो. कपाशीचं पीक मात्र पानांत नसतं, ते बोंडांत असतं. गुलाबी बोंडअळी तर बोंडाच्या आतच बसते. अंड्यातून निघालेली बारीकशी अळी कोवळ्या बोंडात शिरते, शिरल्याचं छिद्र बुजून जातं, आणि बोंड बाहेरून शाबूत दिसत राहतं. आत सरकी खाल्ली जाते, रुईला डाग पडतात. वेचणीला बायका शिवारात उतरतात तेव्हा कवड्या झालेली बोंडं हाताला लागतात. तोवर आकाशातला आकडा खुशीत असतो.

२०१७ हे वर्ष यवतमाळ जिल्ह्यातला कोणीही विसरलेला नाही. बीटी कापूस देशात २००२ मध्ये आला, त्याची दुसरी सुधारित आवृत्ती २००६ मध्ये. हे वाण बोंडअळीला दाद देणार नाही, असं सांगितलं गेलं होतं. दहा-बारा वर्षांत गुलाबी अळीने त्या वाणातलं विष पचवलं. त्या वर्षी कपाशी एरवीपेक्षा उंच आणि दाट वाढली होती, माणसाच्या डोक्यापर्यंत. फवारणी करणारा मजूर पंप पाठीवर घेऊन त्या दाटीत शिरला की औषधाचा फवारा त्याच्या छातीवर, तोंडावर, डोळ्यांवर यायचा. दोन-तीन कीटकनाशकं एकत्र कालवलेली, वर उकाडा, अंगात साधा सदरा. जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड त्यांनी भरून गेले होते. कितीकांची नजर काही काळासाठी गेली होती.

२०१७ च्या सप्टेंबरचं चित्र आज काढून पाहिलं तर शिवार कसं दिसेल, हे या बाईंना आकाशात न जाताही सांगता येतं. उंच, दाट पऱ्हाटी म्हणजे गडद हिरवा रंग. पीक उत्तम.

आता हे सांगितलं म्हणजे तंत्रज्ञानाच्या नावाने बोटं मोडली असं समजायचं कारण नाही. याच कपाशीवर, याच अळीवर, दुसऱ्या बाजूने काम झालेलं आहे. मुंबईच्या वाधवानी एआय या संस्थेला गूगलने २०१९ मध्ये २० लाख डॉलरचं अनुदान दिलं. त्या वर्षी जगभरातून निवडलेल्या वीस संस्थांत भारतातली ती एकटी होती. त्यांची कल्पना साधी होती. वावरात कामगंध सापळा लावायचा. मादीच्या वासासारखा वास सोडून तो नर पतंगांना ओढून घेतो. अडकलेले पतंग कागदावर पसरून मोबाइलने फोटो काढायचा, यंत्र ते मोजून देणार. फवारायचं की थांबायचं, हे त्या मोजणीवर ठरायचं. गुलाबी बोंडअळीसाठी कृषी शास्त्रज्ञांनी सांगितलेला हिशेब असा, की एका सापळ्यात रोज आठ पतंग असे सलग तीन दिवस सापडले तर नुकसानीची पातळी गाठली समजायची. पतंग हातानेही मोजता येतात, पण मोजतं कोण? कामाच्या धबडग्यात सापळा झाडून टाकला जातो. यंत्राने नेमकं ते कंटाळवाणं काम उचललं, आणि रेंज नसली तरी चालेल असं बेतलं. आकाशातून न पाहता वावरात उभं राहून पाहिलं की काय फरक पडतो, ते इथे दिसतं.

पण प्रात्यक्षिकाला आकाशच लागतं. पाहुण्यांसमोर मेलेले पतंग कागदावर पसरून कोण दाखवणार?

यवतमाळ जिल्ह्याला व्यासपीठाची तशी सवय आहे. जुलै २००८ मध्ये अणुकरारावरच्या चर्चेत राहुल गांधींनी लोकसभेत मारेगाव तालुक्यातल्या जळका गावच्या कलावतीबाईंचं नाव घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून कॅमेरे त्यांच्या दारात उभे राहिले. २० मार्च २०१४ रोजी नरेंद्र मोदींनी आर्णी तालुक्यातल्या दाभडीत 'चाय पे चर्चा' केली, आणि देशभरच्या केंद्रांवरचे लोक व्हिडिओच्या जोडणीने त्या गावाशी बोलले. २८ फेब्रुवारी २०२४ ला यवतमाळच्याच कार्यक्रमात पीएम-किसानचा सोळावा हप्ता सुटला, देशातल्या ९ कोटींहून अधिक शेतकऱ्यांच्या खात्यांत २१ हजार कोटींहून जास्त रक्कम. पक्ष वेगळे, काळ वेगळा. जिल्हा तोच. उपाय दाखवायचा तर आधी दुखणं दाखवावं लागतं, आणि दुखण्यासाठी आमच्या जिल्ह्याइतकं ओळखीचं नाव महाराष्ट्रात दुसरं नाही, असं त्या बाई जरा कडवटपणे म्हणतात. त्यांच्या कंपनीतल्या मुलाने दारव्हा का निवडलं, हे त्यांनी पुढे त्याला विचारलं. तो निरागसपणे म्हणाला, "मॅडम, विदर्भ टाकला की सगळ्यांना लगेच कळतं."

एखाद्या गावाला असं पडद्यावर बसवल्यावर पुढे काय होतं, याची महाराष्ट्रातली उदाहरणं बोलकी आहेत. नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. खुद्द पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते. त्यानंतर कित्येक वर्षं पत्रकार वर्धापनदिनाला टेंभलीत जाऊन वीज आहे का, रेशन मिळतं का, असं विचारत राहिले. मेळघाटातल्या हरिसालचं प्रकरण तर लोकांना तोंडपाठ आहे. धारणी तालुक्यातलं हे गाव राज्य सरकारने २०१६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या साथीने डिजिटल गाव म्हणून पुढे आणलं. दूरचित्रवाणीच्या वापरात नसलेल्या लहरींवरून तिथे इंटरनेट पोचवायचा बेत होता, दूरच्या डॉक्टरांशी बोलून उपचाराची सोय होती. मग सरकारी जाहिरात झाली. आणि एप्रिल २०१९ मध्ये राज ठाकऱ्यांनी 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत ती जाहिरात सभेत दाखवली, गावातली परिस्थिती दाखवली, आणि जाहिरातीत झळकलेला तरुण चक्क व्यासपीठावर उभा केला. भाजपनेही उलट व्हिडिओ दाखवून उत्तर दिलं. दोन्ही बाजूंच्या पडद्यांवर हरिसालच होतं. निवडणूक संपली तशी दोघांचेही कॅमेरे परत गेले.

बारामतीचं जरा वेगळं. तिथल्या कृषी विज्ञान केंद्राने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो प्रयोग केला, त्यावरचा व्हिडिओ मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये जगासमोर ठेवला आणि इलॉन मस्कनेही त्यावर दाद दिली. बारामतीला पाणी आहे, संस्था आहे, माणसं कायमची तिथे बसलेली आहेत. पडदा मिटल्यावर वावरात जायला कुणीतरी उरतं. कोरडवाहू यवतमाळकराला याचा हेवा वाटला तर त्याला दोष देता येणार नाही.

मात्र या बाईंच्या मते सगळ्यांत शहाणं उदाहरण वारणेचं आहे, आणि तेच सर्वांत कमी सांगितलं जातं. १९९८ च्या सुमारास वारणानगरच्या साखर कारखान्याभोवतीच्या सत्तर गावांत संगणकाची केंद्रं उभारली गेली. शेतकऱ्याला बाजारभाव कळेल, पीकसल्ला मिळेल, जग उघडेल, असा थाट. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन विभागातले लोक तिथे गेले आणि केंद्रांवर प्रत्यक्षात चालतं काय ते बघत बसले. लोक मुख्यतः आपल्या उसाचं वजन, तोडणीची पाळी, खताचा हिशेब एवढंच विचारत होते. तेवढ्यासाठी संगणक, वीज, जोडणी आणि दुरुस्ती, हा सगळा डोलारा! त्यांनी काही गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल ठेवला आणि तीच माहिती एसएमएसवर दिली. काम भागलं, खर्च पुष्कळ कमी झाला. संगणक विकणाऱ्या जगातल्या माणसांनी गावात जाऊन संगणक कमी केले, हे तसं दुर्मीळच. याचं झगमगीत प्रात्यक्षिक कसं करणार? मोबाइलवर दोन ओळी येतात, बस.

तालमीनंतरच्या बैठकीत बाईंनी आपलं म्हणणं मांडलं. शकुंतलेचा भराव लगेच दुरुस्त झाला, कारण तो दुरुस्त करणं सोपं होतं. चित्राच्या कोपऱ्यात तारीख मोठ्या अक्षरांत आली. 'पीक उत्तम' या शब्दांवर बराच वाद झाला. विक्री विभागाचं म्हणणं, की पाहुण्यांना एका शब्दात उत्तर लागतं, 'पालवी दाट' असं म्हटलं तर ते विचारतील मग पुढे काय. बाईंचं म्हणणं, की त्यांनी तेच विचारावं. शेवटी 'पालवी' हा शब्द आला, हिरवा रंग तसाच राहिला. अर्धं मिळालं. नोकरी केलेल्या कुणालाही कळेल की अर्धं हे पुष्कळ असतं.

डिसेंबरात त्या गावी गेल्या तेव्हा काकांना या हिरव्या रंगात काडीचा रस नव्हता. त्यांची अडचण निराळ्याच पडद्यावर होती. पणन हंगाम २०२५-२६ मध्ये भारतीय कपास निगमाला (सीसीआय) हमीभावाने कापूस द्यायचा तर आधी 'कपास किसान' या अॅपवर नोंदणी, आणि नोंदणीला सातबाऱ्यावर कपाशीचा पेरा हवा. तो पेरा लागतो ई-पीक पाहणीने, म्हणजे आपल्याच वावरात उभं राहून पिकाचा फोटो घ्यायचा. २०२१ पासून राज्यभर ही पद्धत आहे. त्यातून पार पडलं की केंद्रावर ओलावा मोजणारं यंत्र. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे बारापर्यंत कपात, बाराच्या वर गाडी परत. लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये भाव जाहीर झालेला, आणि काकांची गंजी घरात पडलेली.

"तुमचं ते वरून पाहनारं यंत्र," काकांनी विचारलं, "माह्या कापसाचा ओलावा सांगते का?"

नाही, बाई म्हणाल्या.

"मंग माह्या वावरात कापूस होता, एवढं तरी त्या सातबाऱ्यावाल्याइले सांगून देते का?"

हे मात्र सांगता येण्यासारखं होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरची चित्रं एकापुढे एक ठेवली तर सोयाबीन निघून गेलेलं आणि कपाशी उभी असलेली वावरं आकाशातून बऱ्यापैकी वेगळी ओळखू येतात. ज्याचा फोटो अॅपवर चढला नाही, रेंज नव्हती, मुदत हुकली, त्याच्या बाजूने हा एक पुरावा होऊ शकतो. कंपनीत परतल्यावर त्यांनी तसा एक कागद लिहून दिला. विक्री विभागातल्या त्याच मुलाने तो वाचला आणि विचारलं, याचे पैसे कोण देणार? प्रश्न चुकीचा नव्हता. कागद अजून विचाराधीन आहे.

दरम्यान वर्गीकरणाच्या यादीत 'कापूस' आणि 'कापूस-तूर' असे दोन वेगळे रंग झाले आहेत. त्यासाठी लागणारी वावरं ओळखून द्यायला गावातली ओळखीची पोरं धुऱ्यावर उभी राहून फोटो पाठवतात, आणि त्यांना दर वावरामागे पैसे मिळतात. बाईंची आईही पाठवते. तिच्या फोटोंत मात्र वावर कधीच नसतं, उकललेलं बोंड असतं, बहुतेक वेळा हललेलं, आणि ते कोणत्या रकान्यात भरायचं हे अजून कोणाला ठरवता आलेलं नाही.